मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला फिरायला येताय? फोनवर सारखे विचारले जाणारे प्रश्न, एकदाच लिहून ठेवते

देवबागला खाडीच्या बाजूला आमच्या तीन खोल्या आहेत. दिवाळी ते मे फोन माझ्याकडे असतो, स्वयंपाकघर आईकडे. रोज तेच प्रश्न येतात, आणि मी स्कूबा, किल्ला, बोट असं सांगायला लागले की आई आतून ओरडते, "त्येंका आधी पाण्याची येळ सांग गो." तिचं बरोबर आहे. म्हणून या सगळ्या उत्तरांत भरती-ओहोटी सारखी सारखी येईल, कंटाळू नका.

किती दिवस काढून यायचं?

तीन रात्री. लोक शनिवारी सकाळी पोचून रविवारी संध्याकाळी निघायचा प्लॅन करतात, त्यात स्कूबा, किल्ला, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन, वेंगुर्ला आणि वाटेत कुणकेश्वर बसवतात, आणि मग मला विचारतात "होईल ना ताई?" होईल, पण गाडीत बसूनच होईल. नकाशावर जवळ दिसतं ते जवळ नसतं, मध्ये खाड्या आहेत. देवबागहून समोरचं भोगवे डोळ्याला दिसतं, होडीने दहा मिनिटं, आणि रस्त्याने चौके-नेरूरपार-परुळे असं फिरून सव्वा-दीड तास.

कोणत्या महिन्यात यायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचं. सकाळी थोडी थंडी, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. मार्चपासून घामट होतं, पण एप्रिल-मेमध्ये आंबा, फणस, ओले काजू, करवंदं, त्यामुळे खाण्यासाठी येणाऱ्यांनी घाम सहन करून मे मध्येच यावं, असं माझं मत. २६ मेच्या आसपास किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. दरवर्षी कोणीतरी ३० मेला येऊन "एखादी बोट अॅडजस्ट करा ना" म्हणतं. नाही होत. ज्याने केली त्याच्या बोटीत बसू पण नका.

नाताळ ते ३१ डिसेंबर मालवणच्या बाजारपेठेत गाडी घालणं म्हणजे शिक्षा आहे. आणि गणपतीत फोन करू नका प्लीज, तेव्हा आमच्याच घरी वीस माणसं असतात.

यायचं कसं?

ट्रेन सगळ्यात बरी. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी, आता वंदे भारत पण आहे. कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, तिने आलात तर कणकवलीला उतरा, थोडं लांब पडतं. सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन ओरोसला आहे, किल्ल्यापाशी नाही, हे लिहावं लागतंय कारण एक फॅमिली तिथे उतरून "किल्ला दिसत नाहीये" म्हणून फोन करत होती. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांचं सकाळीच उडतं.

कोल्हापूर-सांगलीकडचे लोक गगनबावड्यावरून किंवा फोंडा घाटाने येतात, घाटाचं काम चालू असेल तर रस्ता बंद असतो, निघायच्या आधी विचारून घ्या. बेळगाववाल्यांना आंबोली. विमानाने यायचं तर चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे खरा, पण तिथल्या विमानांचं वेळापत्रक बघूनच ठरवा. बरेच लोक गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतात, तिथून मालवण दोन तास धरा, वेंगुर्ला बरंच जवळ.

तुम्ही सारखं भरती-ओहोटी म्हणता, आम्हाला फिरायला त्याचं काय?

मागे एकदा मी स्वतः पाहुण्यांना पौर्णिमेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्सुनामी आयलंडवर, म्हणजे खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर, पाठवलं. घाईत होते, कॅलेंडर बघितलंच नाही. बेटच नव्हतं. म्हणजे होतं, गुडघाभर पाण्याखाली. एका स्टॉलवाल्याचं प्लास्टिकचं स्टूल तरंगत चाललं होतं आणि त्याच्यामागे तो. पाहुणे हसत होते म्हणून वाचले मी.

तर आमच्याकडचा जुना हिशोब असा आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पाणी तळाला. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या, सव्वाअकरा येतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, फोनवर टाइड चार्ट बघून पक्कं करा, पण बोटवाल्याशी बोलताना हे गणित तोंडपाठ असलं की तो जरा सरळ बोलतो.

आता उपयोग. त्सुनामी आयलंड, रॉक गार्डनचे खडकातले डबके, कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरची शिवलिंगं, हे सगळं ओहोटीला. खारफुटीतून कयाक किंवा छोटी होडी न्यायची तर भरतीला, नाहीतर चिखलात रुतता. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच्या दिवसांना उधाण म्हणतात, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, खाडीच्या तोंडाशी ओढ भयंकर असते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाणी तुलनेने शांत. पहिल्यांदा येणाऱ्यांना लहान मुलं असतील तर मी सरळ भांगाच्या दिवसांत यायला सांगते.

पोहता येत नाही. स्कूबा जमेल?

जमेल. इथे येऊन स्कूबा करणाऱ्या बहुतेकांना पोहता येत नसतं. याला ट्राय डाइव्ह म्हणा, कोर्स नाही. होडीतून किल्ल्याच्या जवळपास खडकांपाशी नेतात, आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतात, मग इन्स्ट्रक्टर तुमच्या पाठीमागे सिलिंडरला धरून खाली नेतो. खोली काही फार नसते, पाच-सात मीटर. खाली पंधरा-वीस मिनिटं, बाकी सगळा वेळ नंबर लागायची वाट बघण्यात आणि कपडे बदलण्यात जातो, त्यामुळे अर्धा दिवस गेला असं धरूनच चाला.

मुख्य अडचण कानांची असते. खाली जाताना नाक दाबून हलकी फुंकर मारायची, कान मोकळे होतात, दर थोड्या वेळाने. दुखायला लागलं तर हाताने खूण करायची, शूरपणा करायचा नाही. सर्दी असेल, सायनस असेल तर नकोच. दमा, फिट्स, हार्टचं काही, प्रेग्नन्सी असेल तर तुम्हाला कोणी "काही होत नाही" म्हणालं तरी नको. दहा वर्षांखालच्या पोरांना नाही. रात्री पिऊन सकाळी डाइव्ह, अजिबात नाही. आणि डाइव्ह झाल्यावर निदान १२ तास विमानात बसू नये, त्यामुळे मोपाहून संध्याकाळची फ्लाइट असेल तर स्कूबा आदल्या दिवशी उरका.

कोणाकडे करायचं? तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे कोर्सही होतात. बाकी मालवणात पावलापावलावर बोर्ड आहेत. मी पाहुण्यांना तीन गोष्टी विचारायला सांगते: एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात एका वेळी किती जण, लायसन्स आणि इन्शुरन्स आहे का, आणि पैशात व्हिडिओ धरलाय का वेगळा. रस्त्यावर गाडीला हात करून "स्कूबा चारशे रुपये" ओरडणारे असतात, तिथे चारशेत काय मिळतं ते किनाऱ्यावर पोचल्यावर कळतं, मग प्रत्येक गोष्टीचे वेगळे.

मासे दिसतातच. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर अंगाभोवती येतात. ते प्रेमाने येत नाहीत, बरेच गाइड व्हिडिओसाठी पाव टाकतात म्हणून येतात. मला ते आवडत नाही, तुम्ही नको म्हणालात तर ते टाकत नाहीत. हा सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. कोरलवर उभं राहायचं नाही, तोडून आणायचं तर नाहीच, वन्यजीव कायद्यात कोरलला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

सांगलीहून एक काका आले होते, साठीच्या आसपासचे, जिन्यावरून उतरताना पण कठडा धरणारे. मुलांनी नुसतं होडीत बसायला म्हणून आणलेलं. वर आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत, आम्ही घाबरलो. मग चहा घेताना आईला म्हणाले, "वहिनी, खाली आवाजच नाही हो कसला, नुसता आपला श्वास."

सिंधुदुर्ग किल्ल्याला किती वेळ ठेवायचा?

जेट्टीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटं. होडीवाले वर एक तास देतात, आणि तो पुरत नाही. कोट जवळजवळ ४८ एकरांवर, तटबंदी सुमारे तीन किलोमीटर. तासाभरात तट पूर्ण फिरायचा तर पळावं लागेल. चढायच्या आधीच होडीवाल्याला सांगा की आम्ही दीड-दोन तासांनी येऊ, गर्दी नसेल तर ऐकतात.

२५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, तीनेक वर्षांत उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं सांगतात. होडी जवळ येईपर्यंत तुम्हाला दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, दोन बुरुजांच्या कुशीत लपवलाय, हे होडीतून मुद्दाम बघा, नाहीतर सेल्फीत जातं. आत दूध, दही, साखर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. काही कुटुंबं अजून आत राहतात, त्यांच्याकडे कोकम सरबत आणि ताक मिळतं, ते नक्की घ्या. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, तिथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांसारखी नाही, दाढी नाही तिला. आणि महाराजांचे म्हणून दाखवतात ते चुन्यातले हाताचे, पायाचे ठसे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, तेव्हापासून गर्दी वाढलीये.

सकाळी पहिल्या होडीने जा. बारा वाजता तटावर सावली नसते, आणि दगड इतका तापतो की चप्पल काढून देवळात जाताना नाचत जावं लागतं. मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे, जिथे किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा झाली, तिथे कोणी थांबत नाही. पाच मिनिटं लागतात, थांबा.

त्सुनामी आयलंड म्हणजे नक्की काय?

कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, त्या संगमाजवळ खाडीतला वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं आमच्याकडचे सांगतात, म्हणून नाव. बनाना राइड, जेट स्की, बंपर, पॅरासेलिंग सगळं तिथे. आवाज भरपूर. पोरं खूश होतात. ज्यांना आवाज नको त्यांनी तीच होडी संध्याकाळी खाडीत वर न्यायला सांगावं, इंजिन बंद करायला लावा, खंड्या आणि बगळे माडांवर परतत असतात.

लाइफ जॅकेट बक्कल लावून घालायचं, नुसतं खांद्यावर नाही. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरायचं, पैसे गेले तर जाऊ देत.

डॉल्फिन नक्की दिसतात का?

नक्की म्हणणारा खोटं बोलतोय. सकाळी सात-साडेसातला निघालात, वारा नसेल, तर निवती-भोगव्याच्या बाजूला बऱ्याचदा दिसतात. इथले जास्त करून हंपबॅक जातीचे, पाठीवर उंचवटा असलेले. टीव्हीतल्यासारखी उडी मारत नाहीत, पाठ दिसते, पंख दिसतो, गेला. दहा होड्या एकाच कळपामागे लागतात तेव्हा ते खाली जातात आणि येतच नाहीत, त्यामुळे होडीवाल्याला पाठलाग करायला सांगू नका, लांब थांबून बघा.

समुद्रात पोहायला सेफ आहे ना?

तारकर्लीची वाळू हळूहळू उतरते, कमरेपर्यंत पाण्यात खेळायला छान. कमरेच्या वर नाही. देवबागला संगमाच्या टोकाशी पाण्यात उतरायचंच नाही, पाणी शांत दिसतं आणि खालून ओढतं, ओहोटी लागली की नदी सगळं पाणी समुद्रात ढकलते. आम्ही इथे जन्मलेले, आम्ही पण तिथे उतरत नाही. अंधार पडल्यावर नाही, पिऊन नाही. गावातला कोणी म्हातारा "वर येवा" म्हणून ओरडला तर त्याच्याशी वाद घालू नका, वर या.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, वाळूत पाकट लपलेला असतो, पायाची चाहूल लागली की निघून जातो. जेलीफिश चावली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जास्त वाटलं तर सरळ दवाखाना.

गर्दी नसलेला बीच सांगा ना एखादा.

सांगते आणि पस्तावते. तोंडवळी, आचऱ्याच्या अलीकडे, सुरूचं बन आणि लांबच लांब वाळू. भोगवे आता थोडं माहीत झालंय. निवतीचा किनारा छोटा पण वर किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथून संध्याकाळी खाली बघा. वेंगुर्ल्याकडे मोचेमाड, तिथे टेकडीवरच्या वळणावरून नदी आणि समुद्र एकत्र दिसतात. देवगडकडे तांबळडेग आणि मिठबाव. इथे हॉटेल, टॉयलेट, लाइफगार्ड काही मिळेल असं धरू नका, पाणी बरोबर घ्या, कचरा परत न्या. चिवला बीच मालवणातच आहे, मुलांना बरा.

आई-बाबांना गुडघे दुखतात, लहान मूल पण आहे, त्यांच्यासाठी काय?

धामापूर. मालवणहून कुडाळकडे जाताना लागतं. १५३० च्या सुमारास बांधलेला तलाव, काठाला भगवतीचं देऊळ, डोंगरांची सावली पाण्यात, आणि दुपारी दोन वाजता पण गार. बसून राहायची जागा आहे. सावंतवाडीला मोती तलाव, राजवाड्यात गंजिफाची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, हाताने रंगवलेली गोल पानं बघायला मिळतात, बाजारात लाकडी खेळणी. किल्ल्यावर मात्र आजी-आजोबांना होडीत चढता-उतरताना हात द्यायला दोन माणसं ठेवा, पाणी वरखाली होत असतं.

रापण बघायला मिळेल?

मिळालं तर नशीब. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं अर्धगोलात टाकत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, मग दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं पाय वाळूत रोवून मागे रेलतात आणि ओढतात, तासभर, कधी जास्त. सकाळी वाळूत चालताना अशी रांग दिसली तर लांबून फोटो काढण्यापेक्षा जाऊन दोराला हात लावा. कोणी नाही म्हणत नाही, उलट चेष्टा करतात तुमची. हात सोलतात, सांगून ठेवते. जाळं जवळ आलं की पाणी आधी चमकायला लागतं, मग उडायला लागतं, वरून घारी. पेडवे, बांगडे, कधी नुसता कचरा. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, आमच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या एका मुलीला पाच बांगडे मिळाले, ती ते पदरात धरावे तसे टी-शर्टमध्ये घेऊन पळत आली. आईने तिखलं केलं, तिरफळं टाकून. आता यांत्रिक बोटींमुळे रापणीला पूर्वीसारखं मिळत नाही, संघ कमी होत चाललेत. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद.

हे नाहीच जमलं तर संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघा. मध्ये उभे राहू नका फक्त, टोपल्या घेऊन बायका जोरात येतात आणि त्या थांबत नाहीत.

वेंगुर्ल्याकडे जावं का, काय आहे तिकडे?

एक अख्खा दिवस द्या. मला विचाराल तर मालवणपेक्षा वेंगुर्ला सुंदर, पण हे मालवणात बोलायचं नाही. मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत कांदळवनात फिरवतात, कुठली खारफुटी कुठली ते दाखवतात, पक्षी दाखवतात, गोंगाट नाही. वेळ भरतीची घ्या. डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. सागरेश्वरचा किनारा. मग खाली आरवलीला वेतोबा, माणसाहून उंच मूर्ती, नवसाला केळ्यांचे घड आणि हे मोठाले चामडी जोडे देतात, देव रात्री गावभर फिरतो म्हणून ते झिजतात असं मानतात. जोड्यांची रांग बघून पोरं गप्प होतात. पुढे शिरोडा, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं बघा, आणि वेळागरचा किनारा. रेडीला खाणीत १९७६ मध्ये सापडलेला दोन हातांचा गणपती आणि झाडांच्या मुळांनी गिळलेला यशवंतगड. तिथून तेरेखोल खाडी, पलीकडे गोवा.

हिवाळा संपताना वायंगणी किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडतात, ऑलिव्ह रिडले. कधी निघतील ते अंड्यांवर, तुमच्या सुट्टीवर नाही. टॉर्च, फ्लॅश, हात लावणं बंद.

विजयदुर्ग आणि देवगड एका दिवसात?

होतं, लवकर निघालात तर. कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग असं जा. विजयदुर्ग बाराव्या शतकाच्या शेवटी शिलाहार राजा भोजाने बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांचं आरमार इथे, १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे मिळून आंग्र्यांवर आले तेव्हा पडला. आपल्याच लोकांनी आपलं आरमार संपवलं, असं गाइड म्हणतो तेव्हा आवाज खाली येतो त्याचा.

तिथे "साहेबाचे ओटे" दाखवून सांगतात की हेलियमचा शोध इथे लागला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण या पट्ट्यातून गेलं हे खरं. पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ते बघायला गुंटूरला बसला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ नंतर ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच बघितली. गाइडला मी हे एकदा सांगितलं, तो म्हणाला "ताई, ओटे तर हत ना?" ओटे आहेत.

आंबा हवा असेल तर एप्रिल-मे, आणि शक्यतो बागेतूनच. हायवेवर देवगड लिहिलेल्या प्रत्येक पेटीत देवगड असतोच असं नाही.

पावसात आलो तर?

समुद्र लांबून बघायचा. पण आंबोली आहे, सावंतवाडीपासून साधारण ३० किलोमीटर, ६९० मीटर उंच, राज्यातल्या सर्वात जास्त पावसाच्या जागांपैकी. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यावर लोकं भिजताना आणि मक्याची कणसं खाताना दिसतील, तिथून लगेच पुढे जा, हिरण्यकेशीच्या उगमाला. रात्री जाणकार माणसाबरोबर बेडूक बघायला बाहेर पडा, मलबार ग्लायडिंग फ्रॉग, हिरवागार, पानासारखा. जळवांसाठी मीठ-तंबाखू खिशात. वैभववाडीकडे नापणे आणि कणकवलीजवळ सावडाव हे दोन धबधबे वाटेवरचेच.

खायचं काय? आणि आम्ही व्हेज आहोत, उपाशी राहू का?

नाही. काळ्या वाटाण्याची सांबार, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, घावणे-चटणी, शिरवाळे रसात बुडवून, सोलकढी. आमच्या घरीच सोमवारी मासे नसतात. उलट ओल्या काजूची उसळ मार्च-एप्रिलमध्ये मिळाली तर मासेवाल्यांनी पण तीच घ्यावी.

मासे खाणाऱ्यांना एकच, "सुरमई थाळी" म्हणून अडून बसू नका. त्या दिवशी काय आलंय ते विचारा. ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा दहापट बरा, आणि निम्म्या पैशात. तिसऱ्या, कालवं, मोरीचं (छोट्या शार्कचं) मटण मिळालं तर सोडू नका. कोंबडी-वडे आदल्या दिवशी सांगावे लागतात, वड्याचं पीठ आयत्या वेळी होत नाही. जाताना खाजं आणि खडखडे लाडू, कोकम आगळ, मालवणी मसाला.

जत्रा, दशावतार कधी असतो?

कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव. नाटक मध्यरात्रीकडे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, बाईचं काम पुरुषच करतात, पेटी, पखवाज, झांज, आणि संवाद तिथल्या तिथे रचलेले. चटई, स्वेटर, आणि दुपारी झोप काढून या. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पण तारीख तिथीवर नसते, देवीच्या कौलावर ठरते, आणि जाहीर झाली की दोन दिवसांत गाड्या फुल्ल.

गोव्याहून येताना दोन बाटल्या आणल्या तर चालतात?

परमिटशिवाय नाही. बांदा-इन्सुलीला तपासणी असते, गाडी उघडतात. अर्धा दिवस तिथे बसायचा शौक असेल तर आणा.

कॅश लागते का? नेटवर्क आहे?

यूपीआय सगळीकडे, नेटवर्क सगळीकडे नाही. होडीत, भोगव्याला, जत्रेत रोख ठेवा. मॅप डाउनलोड करून या. तारकर्लीनंतर रस्ता अरुंद आहे, एका बाजूला घरांचे गडगे (दगडी कुंपणं), समोरून एसटी आली की मागे घ्यायची तयारी ठेवा, एसटी मागे घेत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ट्रेन आहे, सकाळी काय करू?

काही बुक करू नका. सहाला उठून समुद्राच्या बाजूला जा, देवबागला गावाची पट्टी इतकी चिंचोळी आहे की खाडीकडून समुद्राकडे चालत पाच मिनिटं लागतात. ओहोटी असेल तर ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी असते, भरती आली की पुसली जाते. साडेआठला या, घावणे तव्यावर असतील. आणि कुडाळसाठी रिक्षा आदल्या रात्रीच सांगा, सकाळी सांगितलेली येत नाही.